नमुन्याचा हात

"ज्यांचं दर आठवड्याला तपासत होतात, त्यांनाच झटका आला. तोही तुमचा पट्टा हाताला असताना. मग आमचं तपासून काय दिवे लावणार आहात, बाई?"

शिंपी हे दारातूनच बोलला. आत यायचं नाही हे त्याचं ठरलेलंच होतं. गळ्यात मापाची फीत, बोटात अंगुस्तान, कपाळावर आठ्या. बोलून झाल्यावर त्याने दोन बोटांनी कपाळाच्या कडा दाबल्या आणि पलीकडच्या आपल्या दुकानात निघून गेला. बाईंनी ते दाबणं पाहिलं. गेले कित्येक आठवडे त्या ते पाहत होत्या.

खोली रिकामी होती. कारखान्यामागच्या गल्लीत एक बंद पडलेलं वाचनालय आहे, त्याची ही पुढची खोली. टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर आजारांचे तक्ते आणि कोपऱ्यात तोंडावर वर्तमानपत्र घेऊन झोपलेला नवा ड्रायव्हर. एके काळी या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. आता सकाळपासून एक म्हातारी येऊन गेली, तीही पाणी प्यायला.

शिंप्याच्या प्रश्नाला उत्तर होतं, आणि ते बाईंना ठाऊक होतं. एका वाक्याचं तर उत्तर! पण ते वाक्य बोलायचं म्हणजे आपल्याच हाताने आपल्या तोंडाला काळं फासायचं. ते काही जमेना, आणि न बोलावं तर शिंपी एक दिवस मशीनवरच कोसळेल हे दिसत होतं. अशा कात्रीत ही बाई अडकली होती.

सगळे त्यांना पट्टेबाई म्हणत. म्हणजे आरोग्य केंद्राच्या सिस्टर. रोज एका वस्तीत गाडीने जायचं, टेबल मांडायचं, येईल त्याच्या दंडाला पट्टा बांधून ब्लडप्रेशर बघायचं, बोटाला टोचून साखर बघायची, मीठ कमी करा, बिडी सोडा, गोळी विसरू नका, हे सांगायचं. उभा जन्म यात गेला. पायांच्या शिरा फुगल्या, कंबरेने केव्हाच राजीनामा दिला, फक्त बाईंनी दिला नाही.

आणि या कामाचं एक दुखणं आहे, ते ऐका. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरच्या पाया पडतात लोक. ज्याचा जीव वाचला तो जन्मभर नाव काढतो. पण ज्याला झटका आलाच नाही, त्याला काय ठाऊक की येणार होता? तो कुणाचं नाव काढणार? उलट म्हणणार, "मला काही झालं नाही, उगाच गोळ्या खायला लावल्या बाईंनी." न झालेल्या आजाराचे आभार कुणी मानत नाही. तहान लागल्यावर विहीर खणणारी आपण माणसं. आधी खणा म्हणणारा आपल्याला वेडाच वाटतो. पट्टेबाईंनी हे वेडेपण पगारावर पत्करलं होतं.

सुरुवातीला तर कुणी हातच पुढे करत नसे. कुणी म्हणे, या यंत्राने रक्त आटतं. कुणी म्हणे, तपासलं की काहीतरी निघतं, न तपासलं तर माणूस बरा असतो. झाकली मूठ सव्वा लाखाची! बाई घसा कोरडा होईपर्यंत सांगायच्या, आणि माणसं भिंतीला टेकून मजा बघायची.

तेव्हा पुढे आला तो गाडीचा ड्रायव्हर. आता ड्रायव्हर म्हणजे परका कुणी नव्हे, बाईंचा नवराच; सगळे त्याला काका म्हणत. केंद्राने दोघांना एकाच गाडीवर दिलं होतं, आणि काका म्हणायचे, "घरी हिचं ऐकायचं, गाडीत हिचं ऐकायचं, पगार मात्र एकाच जागचा!" आडदांड माणूस, आवाज खणखणीत. तो सरळ खुर्चीत बसला, डावी बाही दंडापर्यंत सारली आणि ओरडला, "चला, आधी माझा जीव घ्या!"

बाईंनी पट्टा बांधला, फुगा दाबायला लागल्या, तसे काकांनी डोळे फिरवले. "मेलो, मेलो! अरे, कुणीतरी वाचवा! ही बाई मला घरीही असंच आवळते!" गल्ली हसून लोटपोट झाली. बाईंनी हवा सोडली, पट्टा काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बघा, काही झालं का? एकदम ठणठणीत!" काकांनी उठून नाचून दाखवलं. आणि मग एकेक जण लाजत लाजत बाही सारायला लागला.

युक्ती अशी लागू पडली की तो नेमच झाला. कुठेही गेलं तरी पहिला हात काकांचा. त्याला नावही पडलं, नमुन्याचा हात. काकांचा डावा हात पट्ट्यात गेल्याशिवाय रांग हलायची नाही. पोरांना तर ते नाटक तोंडपाठ होतं.

आता त्या नाटकात एक गोष्ट होती, जी कुणाच्या लक्षात आली नाही. रक्तदाब बघायचा म्हणजे नळी कानात घालून दंडाच्या खालचा ठोका ऐकावा लागतो. नुसता फुगा दाबून आणि हवा सोडून काही कळत नाही. बाई इतर प्रत्येकाचं नळी घालून बघायच्या, शंका आली तर परत बघायच्या. काकांच्या वेळी मात्र नळी गळ्यातच लोंबत असायची. लोकांशी बोलायचं असे, हसू आवरायचं असे, रांग लावायची असे. आणि नमुनाच तर दाखवायचा होता! कापडाच्या दुकानात बाहेर टांगलेलं कापड कुणी मोजतं का? इतकी वर्षं, इतक्या वस्त्या, आणि त्या हाताचा ठोका बाईंनी एकदाही ऐकला नव्हता. ठणठणीत मात्र दर वेळी म्हणाल्या होत्या.

व्हायचं ते याच खोलीत झालं. नेहमीसारखी रांग होती. काका खुर्चीत बसले, बाही सारली. त्या दिवशी सकाळपासून त्यांचं डोकं दुखत होतं, पण डोकं दुखतं म्हणून काही नाटक बंद ठेवत नाहीत. बाईंनी फुगा दाबला. काकांनी डोळे फिरवले. तोंड एका बाजूला वाकडं केलं. लोक हसले. काका काहीतरी पुटपुटले, नीट समजलं नाही, लोक आणखी हसले. शिंपी तर पोट धरून हसला, म्हणाला, "आज काका रंगात आहेत!"

"पुरे हो नाटक," बाई म्हणाल्या. हवा सोडली. पट्टा काढला. "बघा, काही झालं का? एकदम ठणठणीत!"

हात टेबलावरून घसरला आणि खुर्चीच्या बाजूला लोंबत राहिला. काकांनी तो उचलला नाही. तोंड वाकडं ते वाकडंच. बाईंच्या मागच्या भिंतीवर तक्ता होता, तोंड वाकडं होणं, हात न उचलता येणं, बोलणं अडखळणं, अशी लक्षणं दिसली तर क्षणही घालवू नका. तो तक्ता बाईंनीच टांगलेला. लोक अजून हसत होते तेव्हा बाई किंचाळल्या.

पुढचं सगळं अशा वेळी होतं तसंच झालं. गाडी चालवायला माणूस शोधला, मोठं इस्पितळ गाठलं, धावपळ झाली. जीव वाचला. डावी बाजू गेली.

इस्पितळातल्या डॉक्टरने साधा प्रश्न विचारला होता, "आधी कधी बीपी तपासलं होतं?"

बाईंच्या अंगावर केंद्राचा गणवेश होता, गळ्यात नळी होती. डॉक्टर त्यांच्याकडे बघत होता.  "नाही," बाई म्हणाल्या. डॉक्टरने एकदा नळीकडे पाहिलं आणि मान खाली घालून लिहायला लागला. "बरीच वर्षं वाढलेलं असणार. हृदयावर, डोळ्यांवर खुणा आहेत. वेळीच कळलं असतं तर साध्या गोळीवर भागलं असतं." तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं.

पण खरा घाव पुढेच होता. काकांची जीभ थोडी वळायला लागली, तेव्हाची गोष्ट. बाई त्यांना चमच्याने पाणी पाजत होत्या. काका बराच वेळ छताकडे बघत होते. मग अडखळत, तुकड्यातुकड्याने म्हणाले, "पण तू तर... दर वेळी... ठणठणीत म्हणायचीस."

बाईंनी चमचा पेल्यात परत ठेवला.

त्यांना वाटत होतं, यांना ठाऊक आहे. नाटक दोघांचं होतं ना? डोळे फिरवणं खोटं, मेलो म्हणणं खोटं, तसंच ठणठणीतही खोटं, हे सांगायला कशाला हवं? आणि या भल्या माणसाने तेवढं एक वाक्य खरं धरलं होतं. डोकं दुखायचं, मान जड व्हायची, तर कुणाला बोलायचा नाही. कशाला बोलेल? घरात सिस्टर, आणि ती रोज तपासते! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. बाई तोंड फिरवून पदराआड रडल्या नाहीत, सरळ त्यांच्यासमोर हमसून रडल्या. "अहो, मी कधी ऐकलंच नाही हो. नुसतं दाखवत होते." काकांनी उजव्या हाताने त्यांचं मनगट धरलं.

केंद्राच्या डॉक्टरीणबाई तरुण, पण शहाण्या. रजेवरून परत आल्यावर बाईंनी त्यांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी दार लोटून घेतलं.

"सिस्टर, तुमच्यावर काय गुदरलंय ते मला कळतं. पण हे बाहेर बोलू नका."

"लोक म्हणतायत तपासून उपयोग नाही. पट्ट्यानेच झटका आला म्हणतायत."

"म्हणू देत, विसरतील. पण सिस्टरच खोटं तपासत होत्या असं कळलं, तर कधीच विसरणार नाहीत. आपलं काम लोकांच्या विश्वासावर चालतं. तो एकदा गेला की परत येत नाही."

बोलणं खोटं नव्हतं. बाईंनी मान डोलावली. पण लोक विसरले नाहीत. कारखान्यामागची गल्ली तर अजिबात विसरली नाही, कारण तिथे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि आपण हसलो होतो हेही त्यांना टोचत होतं. शिंपी सर्वांत जास्त हसला होता, म्हणून तोच सर्वांत जास्त चिडला होता.

त्याची बायको एकदा बाईंना दुकानाबाहेर भेटली. आवाज खाली करून म्हणाली, "बाई, रात्रीच्या रात्री डोकं धरून बसतात हो. परवा सुईत दोरा ओवता येईना. दोन दोन सुया दिसतात म्हणाले. चला म्हटलं तर म्हणतात, काकांचं एवढं तपासून काय झालं?"

"आणा ना त्यांना, कसंही करून," एवढंच बाई म्हणाल्या. ती बिचारी कसंही करून कशी आणणार होती? पालथ्या घड्यावर पाणी. बाई घरी गेल्या, चपला काढल्या आणि खुर्चीत बसल्या त्या उठल्याच नाहीत. दिवाही लावला नाही.

"काय झालं?" काकांनी पलंगावरून विचारलं. आता ते बरंचसं बोलायचे, काठी घेऊन घरातल्या घरात चालायचे.

बाईंनी शिंप्याचं सांगितलं. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या तेही सांगितलं. "मी थकले हो," त्या म्हणाल्या. "सोडून द्यावं म्हणते. ज्याचं त्याचं नशीब."

काकांनी पलंगाशी टेकवलेली काठी हातात घेतली. मग म्हणाले, "मला ने तिथे."

"कशाला? नाटक करायला?"

"नेतेस की नाही?"

नेलं. केंद्राच्या गाडीतच, नव्या ड्रायव्हरच्या शेजारी बसवून. काका वाटभर त्याच्या चुका काढत होते, "अरे, क्लच आहे तो, पायपुसणं नाही!" ते ऐकून बाईंना कितीतरी दिवसांनी हसू आलं आणि लगेच गेलं.

काका आलेत ही बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. तपासायला नसतील येत, पण माणसाला बघायला सगळे आले. काठीवर रेलत, डावा पाय ओढत ते खोलीत शिरले तशा बायकांनी वाट करून दिली. शिंपीही आला. काकांच्या डोळ्याला डोळा भिडवेना, दाराच्या चौकटीलाच चिकटून उभा राहिला.

काका खुर्चीत बसले. उजव्या हाताने डावा हात उचलला आणि टेबलावर ठेवला. सवयीने बाही सारली. "चला," ते म्हणाले. आवाज खणखणीत राहिला नव्हता. "आधी माझं."

कुणी हसलं नाही. बाईंनी पट्टा उचलला आणि त्यांचा हात थांबला.

"हा नको. लुळ्या हाताचं माप खरं येत नाही. दुसरा द्या."

काकांनी डावा हात मांडीवर घेतला आणि उजवा पुढे केला. त्या हाताला आजवर बाईंचा पट्टा कधी लागलाच नव्हता. बाईंनी तो बांधला, फुगा हातात घेतला, आणि काका हळूच म्हणाले, "नळी."

बाईंनी वर पाहिलं.

"कानात घाल," काका म्हणाले.

बाईंनी गळ्यातली नळी काढून कानात घातली. फुगा दाबला. हवा सोडत गेल्या. काटा खाली यायला लागला आणि त्यांना तो ठोका ऐकू आला. नवऱ्याच्या हाताचा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला.

नळी काढून त्यांनी आकडा मोठ्याने सांगितला. "गोळी चालू आहे तरी अजून जास्तच आहे. आणखी खाली यायला हवं." आणि मग, आवाज न बदलता, पुढचं वाक्य बोलल्या. "यांचं मी आज पहिल्यांदा तपासलं. आधी सगळं नुसतं दाखवायला होतं. नळी कधी घातलीच नव्हती."

मग शिंपी पुढे आला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"आणि ठणठणीत म्हणायचात ते?"

"तोंडाने म्हणत होते."

"म्हणजे आम्हाला फसवलंत!"

"तुम्हाला नाही," बाई म्हणाल्या. "तुमचं प्रत्येकाचं नळी घालून बघितलंय, विचारा कुणालाही. फसवलं ते यांना."

दोघीतिघी उठून गेल्या. जाताना एक जण पुटपुटली, "हिच्यापेक्षा न शिकलेली बरी." बाईंनी ते ऐकलं आणि मान खाली घातली. काका आपल्या मांडीवरचा हात कुरवाळत बसले होते. शिंपी तसाच उभा. मापाची फीत गळ्यातून काढून तो ती बोटांना गुंडाळत होता, सोडत होता, परत गुंडाळत होता. दारात त्याची बायको आली होती. ती एक शब्द बोलली नाही, ते तिचं शहाणपण.

शेवटी त्याने फीत खिशात कोंबली आणि समोरच्या खुर्चीत धपकन बसला.

"नळी घालून बघा," तो म्हणाला. "आणि मला ठणठणीत म्हणायचं नाही. आकडा सांगायचा."

बाईंनी बघितलं. थोडं थांबून परत बघितलं. मग आकडा सांगितला. त्याची बायको खाली बसली. बाईंनी चिठ्ठी लिहिली, नव्या ड्रायव्हरला उठवलं आणि म्हणाल्या, "यांना आत्ताच्या आत्ता मोठ्या इस्पितळात ने. मी डॉक्टरीणबाईंना फोन करते. दुकान मरू दे, भाऊ, आधी उठा." शिंपी उठला. जाताना तो काकांच्या खुर्चीपाशी थांबला, त्याने त्यांच्या लुळ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला.

त्याच्या मागे एक हमाल बसला, मग त्याची आई. रांग काही जुन्यासारखी लागली नाही. चार लोक येत, दोन दारातून परत जात. बाई नळी घालत होत्या, काढत होत्या, आकडे सांगत होत्या. कंबर धरून उभ्या राहत होत्या, परत वाकत होत्या. डॉक्टरीणबाईंनी फोनवर शिंप्याची सोय केली. बाकीचं उद्या भेटून बोलू म्हणाल्या, आणि ते बोलणं काही गोड नसणार हे बाईंना कळलं.

घरी आल्यावर काकांना पलंगावर बसवलं, पायांतले बूट काढले. दोघंही दमली होती.

"आज म्हणाली नाहीस," काका म्हणाले.

"काय?"

"ठणठणीत." जीभ अजून अडखळत होती. "खोटं होतं तरी... ऐकायला बरं वाटायचं गं. तेवढ्यावर दिवस जायचा माझा."

बाईंनी डबीतून गोळी काढली, पेल्यात पाणी ओतलं, दोन्ही त्यांच्या उजव्या हाताशी दिलं. आणि ते गिळेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.